घरातली दुरुस्ती: काय स्वतः शिकावं, कधी कारागीर बोलवावा

नुकतीच स्वतंत्र राहायला लागलेली मंडळी मला हमखास विचारतात, की घरातली बारीकसारीक दुरुस्ती स्वतः शिकावी की सरळ माणूस बोलवावा? मी बरीच कामं घरीच करते आणि काहींना अजिबात हात लावत नाही. काम सोपं आहे की अवघड, यावर मी हे ठरवत नाही. चुकलं तर काय होईल, आणि चुकलंय हे लगेच दिसेल का, एवढंच बघते. रंग देताना पट्टे उमटले तर ते समोरच दिसतात, पुन्हा एक हात मारता येतो. भिंतीआड पाइपचा जोड कच्चा राहिला तर मात्र ते कळेपर्यंत गिलावा फुगलेला असतो.

सुरुवात ठिबकणाऱ्या नळापासून करा. या एका कामात निम्मी शिस्त शिकून होते. आधी मेन कॉक (घरात येणारं पाणी तोडणारा मुख्य नळ) बंद करायचा, मग नळ उघडून पाइपातलं उरलेलं पाणी जाऊ द्यायचं. बेसिनच्या जाळीवर फडकं टाकायचं, कारण मुठीचा स्क्रू नेमका तिथेच पडतो. मूठ काढली की पान्ह्याने स्पिंडल (मुठीखालचा फिरणारा दांडा) सोडवायचा. त्याच्या टोकाला वायसर (पाणी अडवणारी रबरी चकती) असतो. कडक झालेला, मधोमध गोल खाच पडलेला दिसला की गळती कुठून होत होती ते कळतं. निघालेला प्रत्येक भाग कागदावर काढल्या क्रमाने मांडून ठेवा. जुना वायसर दुकानात घेऊन जा, तोंडी माप सांगू नका. परत बसवताना स्पिंडल उघडलेल्या स्थितीत ठेवा, नाहीतर नवा वायसर आवळताना चेपतो. एवढं करूनही थेंब पडत राहिले, तर वायसर ज्या कडेवर टेकतो ती झिजलेली असते. तिथे प्लंबर बोलवा किंवा नळ बदला. आणि मूठ पाव फेरा फिरवल्यावर उघडणारा नळ असेल तर त्यात बहुतेक वायसर नसतोच, आतलं कार्ट्रिज (पाणी चालू-बंद करणारा अख्खा भाग) बदलावं लागतं.

भिंतीला भोक पाडणंही जरूर शिका. ड्रिलचा बिट (भोक पाडणारी सळी) आणि स्क्रू धरून ठेवणारी प्लास्टिकची गट्टी एकाच मापाची घ्या, ६ मिलिमीटरच्या गट्टीला ६ चाच बिट. किती खोल जायचं तिथे बिटवर चिकटपट्टीची खूण करा. बाहेर येणाऱ्या भुकटीकडे लक्ष द्या. लाल आली तर वीट लागली. नुसता गिलावाच भुरभुरत राहिला तर तिथे जड वस्तू टांगू नका. स्विचबोर्डाच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत ड्रिल चालवायचं नाही, कारण तारा बहुधा त्याच रेषेत गेलेल्या असतात.

विजेच्या बाबतीत माझं मत पक्कं आहे. बल्ब बदला, वेळ पडली तर ट्रिप झालेली, म्हणजे आपोआप खाली पडलेली एमसीबी (प्रवाह जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) एकदा वर करून बघा. ती पुन्हा पडली तर थांबा. जास्त अँपिअरची एमसीबी बसवून ‘प्रश्न मिटवणारे’ लोक भेटतात, त्यांचं ऐकू नका. एमसीबी तारेला जळण्यापासून वाचवते, आणि तारेला न पेलणारा प्रवाह वाहू दिला तर तार भिंतीच्या आत तापत राहते. माणसाला शॉकपासून वाचवायला वेगळं उपकरण लागतं, आरसीसीबी, साधारण ३० मिलिअँपिअरचं. घरात ते आहे का, हे इलेक्ट्रिशियनला पहिल्याच भेटीत विचारा. गॅसची जोडणी, गीझरचं आतलं काम, भार पेलणारी भिंत फोडणं, ही कामं तर पूर्णपणे जाणकाराचीच.

कारागीर बोलावणं म्हणजे शिकणं थांबवणं असं मात्र मी मानत नाही. मी स्वतः जे शिकले, त्यातलं बरंचसं त्यांच्या शेजारी उभं राहून. ‘दादा, मी बघत उभी राहिले तर चालेल ना?’ एवढं विचारलं की बहुतेक जण खुशीने दाखवतात. पण काम चालू असताना प्रश्नांचा भडिमार नको. विचारायचं ते आवराआवरीच्या वेळी विचारा. कामाआधी दोन गोष्टी स्पष्ट करून घ्या: बिघाड नेमका कशामुळे झाला, आणि सामान कोण आणणार. भिंतीला ओल आली असताना पाणी कुठून येतंय हे न शोधता नुसता वॉटरप्रूफ रंग लावू म्हणणारा असेल तर दुसऱ्याला विचारा. मजुरी आधी ठरवा, आणि अर्ध्या तासात काम उरकलं म्हणून घासाघीस करू नका. त्या वेगामागे त्याची कित्येक वर्षं असतात.

आणखी एक, नव्या घरात शिरताच करण्यासारखं. मेन कॉक कुठे आहे ते घरातल्या सगळ्यांना दाखवा, तो फिरतो का ते बघा. कोणती एमसीबी कोणत्या खोलीची, याच्या चिठ्ठ्या चिकटवा. पुढेमागे भिंत फोडून पाइप किंवा तारा टाकल्या, तर गिलावा होण्याआधी मोजपट्टी धरून फोटो काढून ठेवा. पुढच्या वेळी ड्रिल हातात कुणाच्याही असो, तुमच्या किंवा कारागिराच्या, आधी तो फोटो उघडा.