आषाढातली जिताड्याची पिल्लं: पोट भरलं, पण अंगी लागलं का?

जिताडा या माशाच्या हॅचरीत (पिल्लं तयार करायच्या केंद्रात) जुलै-ऑगस्ट म्हणजे ऐन हंगाम, आणि कोकणात नेमकं तेव्हाच ऊन गायब. बाहेरच्या टाक्यांतलं शेवाळाचं हिरवं पाणी चार दिवसांच्या झडीत फिकटतं, मग रोटीफर, म्हणजे पिल्लांना खाऊ घालायचे सूक्ष्म जलजीव, बेकरीच्या यीस्टवर जगवायची वेळ येते. ते वाढतात भराभर, पिल्लंही खातात, पोटं टम्म दिसतात. आणि पंधरवड्यानं, प्रतवारीला (लहानमोठी पिल्लं वेगळी करायला) जाळी लावली की तळाला मेलेल्या पिल्लांचा थर. अशा वेळी लगेच औषधाच्या बाटलीकडे धावू नका. आधी खाद्य तपासा.

समुद्री माशांच्या पिल्लांना डीएचए आणि ईपीए ही मेदाम्लं खाण्यातूनच मिळावी लागतात. यीस्टमध्ये दोन्ही नाहीत. नॅनोक्लोरोप्सिस शेवाळात ईपीए भरपूर, डीएचए जवळपास नाही; ते आयसोक्रायसिस या दुसऱ्या शेवाळात मिळतं. रोटीफरनंतर पिल्लांना देतात त्या आर्टेमियात (खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव) तर डीएचए नसल्यातच जमा.

रोटीफरचं काम सोपं आहे. पिल्लांना द्यायच्या आधी ४ ते ६ तास आयसोक्रायसिसमध्ये किंवा तेलाच्या इमल्शनमध्ये (पाण्यात फेटून मिसळलेल्या तेलात) ठेवायचे, मिलिलिटरला ५०० च्या आसपास, आणि बारीक जाळीवर धुऊन सोडायचे.

खरी चूक होते ती आर्टेमियात. अंडी फुटल्या फुटल्या इमल्शन ओतणारे बरेच आहेत. ते वाया जातं, कारण तेव्हा नॉप्लीला, म्हणजे अंड्यातून नुकत्याच निघालेल्या आर्टेमियाला, तोंडच उघडलेलं नसतं. २८ अंशाला साधारण ८ तासांनी ती कात टाकते आणि मग खाऊ लागते. तेव्हा लिटरला ०.३ ग्रॅम इमल्शन, १२ तासांनी पुन्हा तेवढंच. नॉप्ली मिलिलिटरला २०० ते ३००, त्याहून दाटी नको. सूक्ष्मदर्शकाखाली आतडं तेलकट थेंबांनी भरलेलं दिसलं की समजा, काम झालं. पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडावतं, म्हणून अंडी फोडायच्या पाण्याची क्षारता रोज मोजा. २५ ते ३५ पीपीटी (हजार भागांत तेवढे भाग क्षार) हवी.

इमल्शन घरी करायचं तर कॉड लिव्हर ऑइल, अंड्याचा बलक आणि पाणी मिक्सरला चांगलं फेटा. एक थेंब पेल्यातल्या पाण्यात टाका. दुधासारखा पसरला तर ठीक, वर तेलाचा तवंग आला तर पुन्हा फिरवा. खवट वासाचं तेल सरळ फेकून द्या, त्यात काटकसर नको.

आणि हवा! एका श्रावणात रात्री दोनला लाईट गेली, इन्व्हर्टर चार्ज नव्हता, सकाळी इमल्शन दिलेल्या नॉप्लीची अख्खी टाकी लालसर गाळ होऊन बसली होती. तेलकट पाण्यात जिवाणू झपाट्यानं वाढतात आणि प्राणवायू संपवतात. बॅटरीवरचा एअरेटर याच टाकीला आधी जोडा.

इमल्शनमधून काढलेली नॉप्ली फेस जाईपर्यंत स्वच्छ खाऱ्या पाण्यानं धुवा आणि थोडीथोडी, दिवसातून चार-पाचदा द्या. उरलेली १० अंशाच्या आत थंड ठेवा, हवा चालू ठेवून. उबेत ठेवली तर ती आपल्या पोटातलं डीएचए स्वतःच मोडून टाकते, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा रिकामंच खाद्य घालता.

आर्टेमिया सुरू केल्यावर आठवड्यानं दहा-पंधरा पिल्लं छोट्या जाळीत काही सेकंद पाण्याबाहेर उचलून परत सोडा. चटकन पोहायला लागली तर ठीक. ताठरून आडवी पडली, तर प्रतवारी पुढे ढकला आणि इमल्शनच्या वेळा तपासा.