कोल्हापुरात सामाजिक उद्योग सुरू करताय? आधी खातं कुणाच्या नावावर ते ठरवा

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन ब्रँडने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि इथल्या कॉलेजांतल्या पोरापोरींना एकदम कारागिरांसाठी काहीतरी करावंसं वाटू लागलं. वाटू दे, चांगलंच आहे. मी एमएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्य शिकत असल्यापासून, कारागिरांबरोबरच्या अशा कामात आहे आणि महिनाअखेरीला हिशेब जुळवताना अजून पोटात गोळा येतो. भेटायला येणाऱ्यांना उद्यम नोंदणी (छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी), सेक्शन ८ कंपनी (ना-नफा कंपनी), कोल्हापुरी चपलेचं २०१९ चं जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन, सगळं पाठ असतं. मी एकच विचारते, ऑनलाइन दुकान कुणाच्या मोबाईल नंबरवर उघडणार?

"सध्या माझ्याच नंबरवर, ताई. त्यांना कुठं जमतंय?"

इथं थांबा. ओटीपी तुमच्या फोनवर, पैसे तुमच्या बँकेत, गिऱ्हाइकांचे नंबर तुमच्या व्हॉट्सॲपमध्ये, इन्स्टाचा पासवर्ड तुमच्या डोक्यात. कारागिराच्या हातात काय? तुम्ही आठवड्याला मोजून द्याल ते पैसे. जुना व्यापारी हेच करत होता. मग सेमिस्टर येते, फोन बंद होतो, ऑर्डरी रद्द होतात, रेटिंग घसरतं. पुढं तुम्हाला हिंजवडीत नोकरी लागते. सुभाषनगरातल्या एका मामांनी मला तोंडावर ऐकवलं होतं, "तुमी परीक्षेला बसलासा, की आमचं दुकान बी बंद." ते वाक्य अजून टोचतं.

आणि "नंतर नावावर करून देऊ" हे होत नाही. विक्रेत्याचं खातं पॅन आणि बँकेला बांधलेलं असतं. ते दुसऱ्याच्या नावावर करायला गेलात की बहुतेक वेळा नवंच खातं उघडावं लागतं आणि जुने अभिप्राय मागे राहतात. म्हणून पहिल्या दिवसापासून खातं कारागिरांचं. शक्यतो घरातल्या बाईच्या नावावर, कारण चपलेवरची कातड्याची वेणी घालायचं बारीक काम बहुतेक घरांत तीच करते आणि दुकानाच्या पाटीवर तिचं नाव कुठंच नसतं. जीएसटीची भीती घालतील, पण उलाढाल मर्यादेत असेल तर १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी नोंदणीशिवाय, फक्त एक नावनोंदणी क्रमांक घेऊन, आपल्या राज्यापुरतं ई-कॉमर्सवर विकता येतं. पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक सुरुवातीला पुष्कळ आहे. ओटीपी वाचायला शिकवायला वेळ लागतो, तुमची चिडचिड होते. होऊ दे. माणसं शिकतात. वादीची, म्हणजे कातड्याच्या पट्टीची, जाडी बोटानं ओळखणाऱ्याला सहा आकडे जड नाहीत.

स्पर्धेत बक्षीस मिळवून देणाऱ्या मार्गदर्शकांवर माझा फारसा विश्वास नाही. ज्यानं कधी कातडं कापायची रापी चालताना बघितली नाही, तो 'स्केल कसं करणार' एवढंच विचारतो. मला त्यापेक्षा शाहू महाराज जवळचे वाटतात. गंगाराम कांबळेंनी भाऊसिंगजी रोडवर हॉटेल काढलं, तेव्हा दलिताच्या हातचा चहा प्यायला कोण येणार होतं? महाराज स्वतः तिथं जाऊन चहा प्यायले, बरोबरच्यांनाही पाजला. नुसतं भांडवल दिलं असतं तर हॉटेल रिकामंच राहिलं असतं. कारागिरांची पोरं या धंद्यात यायला नाखूश असतात, त्यामागेही हीच जात आहे. 'पोरांना कष्ट नकोत' असं त्यांच्या घरात बसून बोलू नका.

बाकी गोष्टी कामातून कळतात. आमचा एक जोड परत आला, तक्रार होती 'चालताना आवाज येतो'. मामा चपलेकडे बघतच राहिले. करकर वाजावी म्हणून तळाच्या थरांमध्ये मुद्दाम विंचू नावाच्या वनस्पतीचं बी घालतात, आणि एकेकाळी गिऱ्हाईक तो आवाज मागून घ्यायचं. आता ऑफिसात घालणाऱ्याला बिनआवाजी, हलकी, मऊ तळाची हवी. त्याचंही बरोबर आहे. आम्ही आता दोन्ही बनवतो आणि वर्णनात स्पष्ट लिहितो. वर्णन एआयकडून लिहून घेत असाल तर कारागिराला मोठ्यानं वाचून दाखवा. एकदा एआयनं 'पावसातही बिनधास्त' असं ठोकून दिलं होतं. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं भिजलं की काय होतं, ते कोल्हापुरात शेंबडं पोरही सांगेल.

घाबरू नका, यातलं बहुतेक निस्तरता येतं. फक्त खात्याचं तेवढं आधी करा. आणि सुरुवात जुलै-ऑगस्टमध्ये करा, तेव्हा विक्री थंड असते आणि मामा-मावशींना बोलायला फुरसत असते. दिवाळी किंवा लग्नसराईच्या तोंडावर फोन शिकवायला गेलात तर चहा मिळेल, पण कुणी कामावरून मान वर करणार नाही.