लिनक्सवर ग्राफिक्स ड्रायव्हर बसवताना : नवख्या प्रशासकांसाठी

एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील संगणकांची देखभाल माझ्याकडे आली, तेव्हा त्यांवर उबंटू होते आणि प्रत्येकात एनव्हिडियाचे ग्राफिक्स कार्ड होते. त्रिमितीय आरेखन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी मी एका संगणकावर कंपनीचा बंदिस्त, म्हणजे स्रोत खुला नसलेला, ड्रायव्हर बसवला. बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगितले गेले. तो देऊन मी संगणक पुन्हा सुरू केला आणि दुसऱ्या कामाला गेलो. परत आलो तेव्हा पडद्यावरची अक्षरे मोठी व धूसर झाली होती, विंडो सरकवताना अडखळत होती आणि प्रोसेसरचा पंखा जोरात फिरत होता. मी ड्रायव्हर काढून दोनदा पुन्हा बसवला. दुपार त्यातच गेली.

उलगडा झाला तो ‘जीएलएक्सइन्फो’ ही आज्ञा चालवल्यावर. रेंडररच्या, म्हणजे पडद्यावरचे चित्र घडवणाऱ्या घटकाच्या, ओळीत कार्डाच्या नावाऐवजी ‘एलएलव्हीएमपाइप’ असे लिहिलेले होते. म्हणजे मेसा या मुक्तस्रोत ग्राफिक्स संचातला सॉफ्टवेअर रेंडरर कार्डाचे सारे काम प्रोसेसरकडून करून घेत होता. ड्रायव्हरचे मॉड्यूल, म्हणजे कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) जोडला जाणारा भाग, हाताने लोड करून पाहिले, तर त्याची की (डिजिटल सहीची किल्ली) नाकारल्याचा संदेश आला.

सिक्युअर बूट, म्हणजे सुरू होताना सही तपासण्याची संगणकाची सुरक्षा सोय, चालू असताना उबंटूचा कर्नल विश्वासार्ह कीची सही नसलेले मॉड्यूल स्वीकारत नाही. डीकेएमएस ही व्यवस्था मॉड्यूल त्याच संगणकावर तयार करते आणि स्थानिक कीने त्यावर सही करते, पण त्या कीला मान्यता देण्यासाठी माणसाला संगणकासमोर हजर राहावे लागते. पुढच्या वेळी सुरू होताना एक निळा पडदा येतो आणि कोणी कळ दाबली नाही तर १० सेकंदांत निघून जातो. तेथे ‘एन्रोल मोक’ (मोक म्हणजे संगणकाच्या मालकाची की) हा पर्याय निवडून आधी ठरवलेला पासवर्ड द्यायचा असतो. पहिल्या वेळी मी तेथे नव्हतो आणि नंतरच्या दोन्ही वेळा तो पडदा न वाचताच पुढे गेलो. बंदिस्त ड्रायव्हर बसवताना नूव्हो हा मुक्तस्रोत ड्रायव्हर बंद केला जातो, त्यामुळे त्या दिवशी कार्ड चालवायला दोघांपैकी एकही उरला नव्हता.

मग नूव्होच का वापरू नये, हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात आणि तो रास्त आहे. २०१४ साली आलेल्या जीटीएक्स ९०० मालिकेपासून एनव्हिडियाच्या कार्डांना कंपनीची सही असलेले फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारे सॉफ्टवेअर) लागू लागले. ते पुरेसे उपलब्ध नसल्याने नूव्होला कार्डाचा वेग वाढवता येत नसे आणि कार्ड सुरुवातीच्या मंद वेगावरच राही. मे २०२२ मध्ये कंपनीने ट्युरिंग ही पिढी व त्यापुढच्या कार्डांसाठी कर्नल मॉड्यूलचा स्रोत खुला केला. मात्र ओपनजीएल व व्हल्कन (चित्रणासाठीच्या प्रणाली) आणि कुडा (कार्डावर गणिती कामे करण्याची एनव्हिडियाची प्रणाली) यांची लायब्ररी बंदिस्तच राहिली. म्हणून ‘ड्रायव्हर खुला झाला’ हे विधान मला अर्धेच खरे वाटते. एएमडी आणि इंटेल यांचे ड्रायव्हर कर्नलमध्ये व मेसामध्येच असतात, त्यामुळे खरेदीचा निर्णय आपल्या हातात असेल आणि कुडा अनिवार्य नसेल, तर मी त्यांच्याकडेच वळतो.

कंपनीच्या संकेतस्थळावरून ‘रन’ फाइल उतरवून बसवणे मी कटाक्षाने टाळतो. वितरणाच्या (येथे उबंटूच्या) पॅकेज भांडारातला ड्रायव्हर कर्नलच्या प्रत्येक अद्ययावतीकरणाबरोबर जुळवून घेतला जातो. ‘रन’ फाइलने बसवलेला ड्रायव्हर पॅकेज व्यवस्थापकाला ठाऊकच नसतो.

त्रिमितीय चित्रण सुरळीत झाले म्हणजे व्हिडिओही कार्डावर उलगडतो (डीकोड होतो) असे मात्र नाही, कारण त्यासाठी चिपमध्ये वेगळा विभाग असतो आणि त्याच्याकडे जाण्याची वाटही वेगळी असते. लिनक्सवर फायरफॉक्स व्हिडिओ उलगडण्यासाठी व्हीए-एपीआय ही पद्धत वापरतो, तर एनव्हिडियाचा ड्रायव्हर स्वतःची एनव्हीडेक ही पद्धत देतो. दोहोंना जोडणारे स्वतंत्र पॅकेज बसवल्याशिवाय व्हिडिओचा भार प्रोसेसरवरच राहतो. व्हिडिओ चालू ठेवून ‘एनव्हिडिया-एसएमआय डीमॉन’ (nvidia-smi dmon) ही कार्डाचा वापर दाखवणारी आज्ञा चालवावी आणि ‘डेक’ (dec) हा स्तंभ पाहावा. तेथे सतत शून्य दिसत असेल, तर उलगडण्याचे काम कार्डाकडे पोहोचलेलेच नाही.