चंद्रतालला जाताय? या चुका टाळा

सकाळी मनालीहून निघायचं आणि रात्री हिमाचलातल्या चंद्रताल तलावाजवळ तंबूत झोपायचं, हा बेत दर उन्हाळ्यात कुणीतरी मला उत्साहाने सांगतं. कृपा करून असं करू नका. मनाली सुमारे २,०५० मीटरवर, तलाव ४,२५० च्या आसपास. ही चढण गाडीत बसून होते, म्हणून दिवसभर काही वाटत नाही. उंचीवरच्या विरळ हवेचा त्रास रात्री सुरू होतो.

एका सहलीत आमच्यातला एक मुलगा होता, दर रविवारी सिंहगड पळत चढणारा. रात्री नऊला त्याचं डोकं ठणकायला लागलं, जेवण उलटून पडलं. अकराला तो बुटाची नाडी धरून बसला होता. चार वेळा प्रयत्न केला, गाठ बसेना. "झोपलो की बरं वाटेल," म्हणत होता. त्याला झोपू दिलं नाही. तसाच गाडीत घातला आणि हजारेक मीटर खाली छत्रूला आणला. उजाडताना त्याने आपणहून चहा मागितला, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. हात किंवा तोल साथ देईनासा झाला की ताबडतोब खाली उतरायचं, सकाळची वाट बघायची नाही.

कळसूबाईचा माथा १,६४६ मीटर. आपल्या सह्याद्रीत दम वाढतो, पण या उंचीची सवय होत नाही. मी आता शिमल्याकडूनच जातो: कल्पा, नाको, काझाला दोन रात्री, मग कुंझुम खिंड ओलांडून तलाव. तेवढी रजा नसेल तर चंद्रताल पुढच्या वर्षी बघा. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, डॉक्टरांना विचारूनच घ्या, आणि गोळी घेतली म्हणून मुक्काम कमी करू नका.

दुसरी चूक, आरामात नाश्ता करून निघणं. तलाव आणि मनालीच्या मधल्या बातल ते ग्रांफू वाटेवरचे नाले बर्फाच्या पाण्याचे. ऊन चढलं की फुगतात. त्या पहाटे ज्या नाल्यात घोटाभर पाणी होतं, त्यातच आदल्या दुपारी आमची चाकं बुडाली होती. मी सहाच्या आत गाडी सुरू करतो, कुणी कितीही कुरकुर केली तरी.

काठावर तंबू ठोकू नका, बंदी आहे; २००५ पासून हा तलाव रामसर पाणथळ आहे, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. पाण्यात उतरू नका. पहिल्या रात्री दारू नको. टाकी काझातच भरा, बातल-छत्रूला पंप नाही.