गाडीतलं बिऱ्हाड: कुत्रा-मांजर घेऊन कायमचं फिरतीवर निघायचं तर

आम्ही घर सोडून गाडीत राहायला जाणार म्हटल्यावर सासूबाईंनी पहिलं विचारलं ते नातवंडांबद्दल नव्हतं. "खंड्या कुठे झोपणार?" खंड्या म्हणजे आमचा कुत्रा. तेव्हा आम्ही हसलो. वर्षभर नाशिक आणि बाहेर फिरल्यावर सांगते, प्रश्न अचूक होता. माणसं सीटवर नाहीतर पलंगावर असतात, जनावरं जमिनीवर. तापलेला पत्रा, गळणारा गॅस, सांडलेलं पाणी, उघडं राहिलेलं दार या सगळ्याचा फटका आधी जमिनीवर बसतो. म्हणून गाडी कुत्र्याच्या उंचीवरून बांधा, माणसांची सोय त्यात आपोआप होते.

१. गाडी बघताना खाली बसा

चौघांच्या कुटुंबाला आणि दोन जनावरांना फोर्स ट्रॅव्हलर किंवा टाटा विंगरच्या आकाराची गाडी लागते. मारुती ईको दोघांना ठीक आहे. जुनी गाडी बघायला जाताना तासभर चालवून आणायला सांगा आणि मग आत, मागच्या भागात, चक्क फरशीवर मांडी घालून बसा. सायलेन्सरची नळी जिथून जाते तिथला पत्रा हाताला चटका देतो का बघा. आम्ही हे केलं नाही. अंबडच्या एका फॅब्रिकेशनवाल्याने खंड्याची जागा नेमकी त्या पत्र्यावर करून दिली आणि पहिल्याच उन्हाळ्यात आम्हाला सगळी प्लाय उचकटावी लागली.

२. कागद, कंटाळा न करता

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाही. त्यामुळे आराखडा घेऊन आधी आरटीओत जा, काम नंतर सुरू करा. मोटर कॅराव्हॅनसाठी, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीसाठी, एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. बांधणाऱ्याला ते माहीत आहे का, हा पहिला प्रश्न विचारा. "सगळे असंच करतात" असं उत्तर आलं तर चहा पिऊन निघा. बदल आरसी बुकात चढले की विमा कंपनीलाही लेखी कळवा, नाहीतर दाव्याच्या वेळी पंचाईत होते. आधार, बँक आणि पोस्टासाठी कुणा जवळच्याचा कायम पत्ता ठेवा. आमचा सासूबाईंचाच आहे.

३. उष्णता आणि वीज

इथे पैसे वाचवू नका. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो. आतली हवाच गरम असली की धापा टाकून उपयोग होत नाही. उन्हात बंद गाडीचं तापमान तासाभरात साधारण २० अंशांनी चढतं, त्यातलं बरंचसं पहिल्या अर्ध्या तासात. बाहेर ३५ असेल तर आत पन्नाशीच्या पुढे. काच दोन बोटं खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. म्हणजे "पाच मिनिटांत येतो" हे वाक्य घरातून हद्दपार करा. आमच्याकडे नियम आहे: चौघांपैकी एक मोठं माणूस कायम जनावरांसोबत. भाजीला जायचं तरी पाळी लावतो.

छताला पांढरा रंग, पत्र्याच्या आतून जाड फोम, एक पंखा हवा आत घेणारा आणि एक बाहेर फेकणारा, अशी रचना हवी. आत घेणारा पंखा खाली बसवा, बाहेर फेकणारा छतावर, म्हणजे खालून वर हवा खेळती राहते.

हिशोब असा: दोन पंखे, प्रत्येकी २० वॅट, १५ तास चालले तर ६०० वॅट-तास. छोट्या डीसी फ्रीजला दिवसाला सुमारे ५००. दिवे, मोबाईल, लॅपटॉपला ३०० धरा. एकूण १४००. १२.८ व्होल्टची २०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी २५६० देते, म्हणजे ढगाळ दिवसाची सोय होते. छतावर ४०० वॅटचे सोलर पॅनेल एप्रिलमध्ये पुरून उरतात. पावसाळ्यात इगतपुरीकडे मुक्काम असेल तर पॅनेल विसरा. तिथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, सूर्य दिसला तर मुलं टाळ्या वाजवतात. त्यासाठी चालत्या इंजिनावर बॅटरी भरणारा डीसी-डीसी चार्जर लावून घ्या. एसीचा मोह होईल. हजार वॅटचा एसी हीच बॅटरी अडीच तासांत रिकामी करतो. त्यापेक्षा दुपारी झाड शोधा.

४. गॅस, पाणी, संडास

एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर फरशीवर साचतो, म्हणजे खंड्याच्या नाकाशी. पाच किलोचा सिलेंडर बाहेरून उघडणाऱ्या कप्प्यात ठेवा, कप्प्याच्या तळाला भोक पाडा आणि गॅसचा अलार्म गुडघ्याच्या खाली बसवा. आमच्या बांधणाऱ्याने तो "दिसायला बरा" म्हणून छताजवळ लावला होता.

पाण्याची टाकी १०० लिटरची, वर २० लिटरचे दोन कॅन. दोन दिवस पुरतं, काटकसर केली तर. भरलेली टाकी म्हणजे १०० किलो वजन, ती चाकांच्या वर किंवा मध्ये घ्या, मागच्या टोकाला नको. सुटी टाकी असलेला पोर्टेबल संडास ठेवा आणि ती टाकी फक्त संडासातच रिकामी करा. गोदेत आधीच पुरेसं सोडलं जातं.

५. दार

आमची मांजर मनी एकदाच पळाली. ओझरच्या पुढे पंपावर डिझेल भरताना धाकट्याने सरकतं दार उघडलं आणि ती सुळकन गाडीखाली. बाहेर आली नाही. वाकून टॉर्च मारला तर स्टेपनीवर चढून बसलेली, डोळे तेवढे चमकत होते. तीन तास. ट्रकचे हॉर्न वाजले की आणखी आत सरकायची. शेवटी सुक्या बोंबलाचा तुकडा तव्यावर परतून गाडीखाली धरला, तेव्हा बाईसाहेब अंग झटकत उतरल्या.

तेव्हापासूनचा क्रम: इंजिन बंद, मनी पेटीत, पेटीला कडी, "कडी!" असं मोठ्याने ओरडणं, मगच दार. दाराच्या आत जाळीचं दुसरं दार बसवलं आहे, डासांसाठीही ते उपयोगी पडतं. चालत्या गाडीत कुत्र्याला छातीच्या पट्ट्याने सीटच्या बेल्टला अडकवा. गळ्याच्या पट्ट्याला नाही, ब्रेक लागला तर मानेला हिसका बसतो. दोघांच्या पट्ट्यावर मोबाईल नंबर कोरून घ्या.

६. लस, गोचीड आणि द्राक्षं

रेबीजची लस कुत्रा-मांजर दोघांनाही दरवर्षी. कुत्र्याला लेप्टोची लस पावसाळ्याआधी, कारण उंदरांच्या मुतामुळे साचलेल्या पाण्यातून तो आजार होतो आणि फिरतीवरचा कुत्रा डबक्यात तोंड घालतोच. रोज संध्याकाळी कानाच्या आत आणि पायाच्या बोटांमध्ये गोचीड शोधा. हे काम मोठीकडे आहे, ती मोजून सांगते. सगळ्या नोंदींची फाईल ठेवा आणि नव्या गावात मुक्काम ठरवण्याआधी जवळचा जनावरांचा दवाखाना शोधा.

नाशिककरांसाठी खास सूचना. आपल्या जिल्ह्याची दोन लाडकी पिकं, द्राक्ष आणि कांदा, कुत्र्याला विष आहेत. द्राक्षांनी, बेदाण्यांनी तर आणखीच, काही कुत्र्यांची किडनी निकामी होते, आणि किती खाल्ल्यावर, हे प्रत्येक कुत्र्यागणिक बदलतं. कांद्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, शिजवलेला असला तरी. पिंपळगावकडे बागेच्या कडेला थांबलात की प्रेमाने घोस पुढे करणारे भेटतातच. "मुलांना द्या, याला नको" हे पाठ करून ठेवा. उरलेले कांदेपोहेही खाली ठेवू नका.

७. मुक्काम

निफाड-सिन्नरच्या उसाच्या पट्ट्यात रात्री कुत्रा बाहेर बांधायचा नाही, पाच मिनिटंही नाही. बिबट्या असतो. शेजारच्या अकोले तालुक्यात झालेल्या अभ्यासात त्याच्या आहारात सगळ्यात मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला. संध्याकाळचं फिरणं अंधाराआधी उरका.

कृषी पर्यटन केंद्र सोयीचं पडतं: पाणी, संडास, सावली मिळते. फोनवर दोन गोष्टी विचारा, आमचा कुत्रा चालेल का आणि तुमचे कुत्रे मोकळे असतात का. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायला जायचं तर खंड्याला घेऊन एकजण मागे थांबतो. राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे ती, तिथे कुत्र्याचं काम नाही. आणि २०२७ च्या सिंहस्थात नाशिकमध्ये ही गाडी लावायचं मनातही आणू नका.

मुलांच्या शाळेचं लोक फार विचारतात. एनआयओएसच्या मुक्त शाळेत नाव घातलं की परीक्षेपुरतं एका गावात थांबावं लागतं, बाकी सोपं आहे.

८. घर सोडण्याआधी दोन रात्री आणि एक घाट

पहिली रात्र स्वतःच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये काढा. वॉचमन हसेल, हसू द्या. काय विसरलं ते लिफ्टने वर जाऊन आणता येतं. दुसरी रात्र गंगापूर धरणाच्या बाजूला, परवानगी घेऊन एखाद्या आवारात. तिसऱ्या दिवशी कसारा घाट उतरून चढा. जनावरांना निघायच्या तीन-चार तास आधीपासून खायला देऊ नका, पाणी थोडं द्या, नाहीतर वळणावर ओकतात. हे चक्र महिनाभर दर शनिवार-रविवारी करा. मनी स्वतःहून पेटीत जाऊन बसायला लागली की मग घर भाड्याने द्यायची जाहिरात टाका, त्याआधी नको.