स्वस्त तिकिटातली सीट: निवडावी कशी आणि तिच्यावर बसावं कसं

सहा-सहा सीटच्या तीस रांगा असलेल्या विमानात प्रत्येक रांगेतून फक्त एक इंच काढला, तर तीस इंच मोकळे होतात. तेवढ्यात आणखी एक रांग बसते, म्हणजे दर उड्डाणाला सहा तिकिटं जास्त. स्वस्त विमान कंपन्यांचं गणित या इंचांवर चालतं, तेव्हा प्रवाशानेही आपला हिशेब इंचातच करायला हवा. गळ्यातली उशी, जेलची गादी वगैरे खरेदी नंतर. आधी मोजपट्टी काढा.

आधी स्वतःचं माप

एका सीटच्या कुठल्याही बिंदूपासून पुढच्या सीटच्या त्याच बिंदूपर्यंतच्या अंतराला पिच म्हणतात. स्वस्त कंपन्यांत हे अंतर बहुतेक वेळा २८ ते ३० इंच असतं. पण २८ इंच पिच म्हणजे पायांना २८ इंच जागा नव्हे. त्यातून सीटच्या पाठीची जाडी वजा करावी लागते. जुन्या, जाड फोमच्या सीटची पाठ गुडघ्याच्या उंचीला तीन-चार इंच भरते. नव्या स्लिमलाइन सीटची दोनच्या आसपास. म्हणून २९ इंच पिचची स्लिमलाइन सीट आणि ३१ इंच पिचची जुनी सीट गुडघ्यांना जवळपास सारखीच जागा देतात. नुसता पिचचा आकडा बघून तिकीट काढणारे इथेच फसतात.

आता स्वतःचं माप घ्या. कडक, सपाट स्टूल भिंतीला लावा आणि त्यावर ढुंगण भिंतीला पूर्ण टेकवून बसा. गुडघे काटकोनात, पाऊल जमिनीवर सपाट. भिंतीपासून गुडघ्याच्या वाटीच्या पुढच्या टोकापर्यंतचं अंतर दुसऱ्या कुणाकडून मोजून घ्या आणि त्यात हालचालीसाठी एक इंच मिळवा. बेरीज २५ आली, तर २८ पिचची स्लिमलाइन सीट तुम्हाला जेमतेम पुरते. २७ आली, तर त्याच सीटवर गुडघे पुढच्या पाठीला टेकणारच. कितीही वळलात तरी ते टळणार नाही. अशांनी सीट निवडायचे पैसे वाचवू नयेत.

दुसरं माप कमरेखालच्या रुंदीचं. बसल्या बसल्या दोन्ही बाजूंना एकेक जाड पुस्तक उभं टेकवा आणि पुस्तकांमधलं अंतर मोजा. सीटची रुंदी तिच्या दोन हातांमधून (आर्मरेस्टमधून) मोजतात, आणि ती कंपनीपेक्षा विमानाच्या जातीवर जास्त अवलंबून असते. बोइंग ७३७ मध्ये ती सुमारे १७ इंच असते. एअरबस ए३२० चा केबिन थोडा रुंद आहे, म्हणून तिथे साधारण १८ मिळतात. मात्र काही कंपन्या त्यातही १७ इंची सीट बसवून मधली वाट रुंद ठेवतात. एअरबस ए२२० मध्ये एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला तीन सीट असतात, रुंदी साडेअठराच्या आसपास, आणि मधली सीट तर त्याहून थोडी रुंद. दोन-दोन सीटची एम्ब्रेअर जेट विमानंही १८ इंचांच्या घरात येतात. लांब पल्ल्याच्या स्वस्त उड्डाणात एअरबस ए३३० असेल, तर सीटच्या नकाशात एका रांगेत किती सीट आहेत ते मोजा. आठ असतील तर ठीक. नऊ असतील, म्हणजे तीन-तीन-तीन, तर रुंदी सुमारे साडेसोळा इंचांवर येते. सात-आठ तासांच्या प्रवासात हा दीड इंच खांद्यांना आणि दंडांना सतत जाणवतो.

विमानाची जात तिकीट काढतानाच तपशिलात दिलेली असते. तिथून उड्डाण आणि विमान ओळखून एरोलोपासारख्या साइटवर त्या कंपनीचा नकाशा पाहावा. खिडक्या, दरवाजे, स्वच्छतागृहं नेमकी कुठे आहेत ते तिथे कंपनीच्या स्वतःच्या नकाशापेक्षा बरंच स्पष्ट दिसतं. विमान ऐनवेळी बदलू शकतं, म्हणून चेक-इनच्या वेळी पुन्हा एक नजर टाका.

पैसे कुठल्या सीटवर घालावेत

सगळ्यात जास्त जागा इमर्जन्सी एक्झिटच्या रांगेत मिळते, पण तिथेही फरक आहे. ए३२० आणि ७३७-८०० मध्ये पंखांवर प्रत्येक बाजूला दोन-दोन दरवाजे असतात, म्हणून अशा रांगाही लागोपाठ दोन. त्यातल्या पहिल्या रांगेची पाठ सहसा मागे जात नाही, कारण ती मागच्या दरवाज्याची वाट अडवेल. सीट मागे झुकत असतील अशा कंपनीत दुसरी रांग घ्या. सीट झुकतच नसतील (अनेक स्वस्त कंपन्यांत पाठ कारखान्यातूनच थोडी कलती करून पक्की केलेली असते), तर दोन्ही सारख्याच, आणि स्वस्त असेल ती घ्यावी. या रांगेत लहान मुलं, गरोदर स्त्रिया, आणि दरवाजा उघडायला ज्यांना अडचण येईल त्यांना बसू देत नाहीत. पट्टा लांब करायला एक्स्टेंडर लागणाऱ्यांनाही बहुतेक कंपन्या तिथून उठवतात. टेकऑफ-लँडिंगला एकही पिशवी पायाशी चालत नाही. दरवाज्याजवळ गारठाही जास्त असतो, तेव्हा मोजे हवेतच.

विमानातल्या अगदी पुढच्या, पहिल्या रांगेबद्दल मात्र गैरसमज फार. समोर सीट नाही म्हणून ती ऐसपैस वाटते, पण ट्रे सीटच्या हातात दडवलेला असतो, त्यामुळे हात जाड आणि पक्का, वर उचलता येत नाही, आणि बसायची रुंदी कमीच होते. समोरची भिंत जवळ असेल तर पायही लांबवता येत नाहीत. उंच आणि सडपातळ माणसाला ती चालते. रुंद बांध्याच्या माणसाने ती पैसे देऊन घेऊ नये.

खिडकीच्या सीटला विमानाची भिंत आतल्या बाजूला वळलेली असते. खांद्याशी आणि पावलाशी एक-दोन इंच जातात, पण डोकं टेकायला आधार मिळतो आणि कुणी उठवत नाही. खांदे रुंद असतील आणि उड्डाण दोन तासांहून लांब असेल, तर वाटेकडची सीट बरी. फक्त खाण्याची गाडी येताना कोपर आणि गुडघा आत घ्यायची सवय लावा. ७३७ मध्ये पंखांच्या पुढे एका रांगेला खिडकीच नसते, कारण तिथून वातानुकूलनाची नळी वर जाते. खिडकीसाठी पैसे मोजणार असाल तर नकाशात ती रांग शोधून टाळा. शेवटच्या रांगांत विमानाचा आकार निमुळता होतो, इंजिनाचा आवाज मागे जास्त येतो आणि स्वच्छतागृहाची रांग डोक्याशी उभी राहते.

पैसे द्यायचेच नसतील, तर चेक-इन उघडल्या उघडल्या आणि बंद व्हायच्या थोडं आधी असं दोनदा बघा. अडवून ठेवलेल्या चांगल्या जागा काही कंपन्या शेवटी मोकळ्या सोडतात. दोघं असाल आणि सीट निवडणं फुकट असेल, तर खिडकी आणि वाट घ्या, मधली सोडा. विमान भरलेलं नसेल तर मधली सीट शेवटपर्यंत राहते. कुणी आलंच, तर मधलीच्या बदल्यात खिडकी किंवा वाट घ्यायला ती व्यक्ती बहुधा आनंदाने तयार होते.

बसण्याची पद्धत

गुडघ्यांची जागा सर्वांत जास्त खातो तो आपलाच घसरता बसका. स्लिमलाइन सीटच्या पाठीला कमरेच्या खळगीत आधार जवळजवळ नसतो. अर्ध्या तासात पाठ गोल होते, कंबर पुढे सरकते, आणि ती दोन इंच सरकली की गुडघेही तेवढेच पुढे जातात. पुढच्याने सीट मागे घेतल्याचा राग येतो, पण सीटची पाठ आपल्या खालच्या टोकाभोवती फिरते, त्यामुळे गुडघ्याशी फार फरक पडत नाही. जागा जाते ती चेहऱ्यासमोरची आणि ट्रेवरची. पुढची सीट अडवून धरायची प्लास्टिकची साधनं मिळतात, त्यांच्या नादी लागू नका. कंपन्या ती चालू देत नाहीत, आणि २०१४ मध्ये अमेरिकेत त्यावरून झालेल्या भांडणामुळे एक विमान वाटेत दुसऱ्याच विमानतळावर उतरवावं लागलं होतं.

उपाय असा. पट्टा सैल असतानाच ढुंगण सीटच्या मागच्या कोपऱ्यात पूर्ण आत ढकला. मग पातळ स्वेटर किंवा टॉवेल गुंडाळून, दाबल्यावर दोन इंच राहील एवढी वळकटी करा आणि पँटच्या बेल्टच्या रेषेच्या किंचित वर, कमरेच्या खळगीत सरकवा. क्रम महत्त्वाचा आहे. वळकटी आधी ठेवून मग बसलात, तर ती माकडहाडामागे अडकते आणि तुम्हाला जाडीइतकं पुढे ढकलते. मग पाठही दुखते आणि गुडघेही टेकतात. वळकटी नीट बसली की पोट न आवळता पाठ सरळ राहते, हे लगेच कळतं. शेवटी पट्टा मांड्यांच्या सांध्यावर, खाली आणि घट्ट.

आता समोरचा खिसा बघा. नव्या सीटवर तो ट्रेच्या वर असतो. जुन्या सीटवर तो नेमका गुडघ्यासमोर असतो, आणि त्यात पाण्याची बाटली ठेवली की अडीच इंच गेले. सुरक्षेचं कार्ड तिथेच राहू द्या, बाकी सगळं काढा.

उंची कमी असेल तर अडचण उलटी असते. सीट जमिनीपासून १७-१८ इंच उंच असते. पाय लोंबकळले की सीटची कड मांडीखाली रुतते आणि पाय बधिर होतात. विमान वर गेलं आणि पट्ट्याचा दिवा विझला की मऊ पिशवी पुढे ओढून तिच्यावर पाय ठेवा. उंच माणसाने ती उलट आपल्या पोटऱ्यांमागे घ्यावी आणि पुढच्या सीटखाली पाय लांब करावेत. उतरायच्या आधी पिशवी पुन्हा पुढच्या सीटखाली गेलीच पाहिजे. म्हणून पिशवी कडक नको, मऊ हवी, आणि काठोकाठ भरलेली नको. दोन-तीन इंच दबली नाही तर पावलांना जागाच उरत नाही.

वाटेकडच्या सीटचा हात बहुतेकदा वर होतो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. हाताच्या मागच्या टोकाला, बिजागरीजवळ, खालून बोट फिरवलं की एक छोटी कळ किंवा खाच लागते. ती दाबून धरा आणि हात उचला. सगळ्या रांगांत ती नसते. टेकऑफ-लँडिंगला हात खालीच हवा.

हवा भरायच्या उशा आणि गाद्या जमिनीवर पूर्ण फुगवू नका. केबिनमधला हवेचा दाब ६,००० ते ८,००० फूट उंचीवरच्यासारखा असतो, त्यामुळे आतली हवा जवळपास एक तृतीयांशाने फुगते. दोन तृतीयांश भरा. हीच फुगण्याची क्रिया पोटातल्या वायूलाही लागू आहे, म्हणून निघण्याआधी सोडा आणि कडधान्यं टाळा. गळ्यातल्या उशीचा जाड भाग मानेमागे ठेवला तर डोकं पुढे झुकतं. तो हनुवटीखाली फिरवून घ्या.

पायांचं रक्त

चार तासांहून लांब प्रवासात, मग तो विमानाचा असो की बसचा, शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालाने हे मांडलं. प्रत्यक्ष प्रमाण लहान आहे, निरोगी प्रवाशांत साधारण सहा हजारांत एक, पण आखडून बसणं त्याला मदतच करतं. दर अर्ध्या तासाने टाचा जमिनीवर ठेवून चवडे वर, मग चवडे ठेवून टाचा वर, असं वीस वेळा करा. पोटरी घट्ट होतेय हे हाताला लागलं पाहिजे. तासाला एकदा उभे राहा. आधी गुठळी झालेली असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल किंवा गरोदर असाल, तर गुडघ्याखालचे दाबाचे मोजे आणि औषध याबद्दल आधी डॉक्टरांना विचारा. मापात नसलेला मोजा गुडघ्यामागे वळतो आणि फायद्याऐवजी काच देतो. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखली किंवा गरम लागली, तर उतरल्यावर थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. श्वास लागला किंवा छातीत दुखलं तर लगेच क्रूला सांगा.

बसल्यावर पहिली पाच मिनिटं

दरवाजा बंद होण्याआधी चार गोष्टी तपासा: पट्टा अडकतो का, ट्रे सरळ राहतो का, पाठ पक्की आहे का, गादी खालून सुटलेली नाही ना. गादी वेल्क्रोवर चिकटवलेली असते आणि सुटली की पुढे घसरते. मग वर सांगितलेली सगळी बैठक वाया. बिघाड असेल तर तेव्हाच सांगा आणि नोंद करायला सांगा. पैसे देऊन घेतलेली सीट मोडकी निघाली किंवा बदलली गेली, तर बोर्डिंग पास आणि फोटो जपून ठेवा; परतावा मागताना तेवढाच पुरावा हातात असतो. रिकाम्या रांगेत मनानेच सरकू नका. छोट्या विमानात वजनाचा तोल सीटनुसार मांडलेला असतो, म्हणून विचारून जा.

फोन खिशात ठेवून बसू नका. स्लिमलाइन सीटची गादी आणि पाठ यांच्यात फट असते, आणि फोन तिथून थेट सांगाड्यात जातो. गेलाच, तर सीट मागे-पुढे करू नका, हात घालून ओढू नका, उठायचीही घाई करू नका. सांगाड्यात चिरडलेली लिथियम बॅटरी पेट घेते. बटण दाबून क्रूला बोलवा. गादी काढून तो बाहेर कसा घ्यायचा, याचं त्यांना प्रशिक्षण असतं.