वंशावळीच्या सॉफ्टवेअरमधील संदर्भ आणि चित्रफाइली : या चुका टाळा

एखाद्या व्यक्तीच्या जन्मतारखेखाली संदर्भ म्हणून केवळ ‘जन्म नोंदवही’ एवढेच लिहिले असेल, तर तो संदर्भ असून नसल्यासारखाच आहे. काही वर्षांनी तीच तारीख पडताळायची वेळ आली, की शेकडो पाने पुन्हा पहिल्यापासून चाळावी लागतात. हे टाळण्यासाठीच बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये दोन थर केलेले असतात. स्रोत म्हणजे ती संपूर्ण नोंदवही आणि संदर्भ म्हणजे तिच्यातील नेमकी जागा, उदाहरणार्थ ‘खंड 3, पान 47, नोंद क्रमांक 112’. ग्रॅम्प्स या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये तर ती वही ज्या अभिलेखागारात ठेवलेली आहे, त्याचीही स्वतंत्र नोंद करता येते.

हे दोन थर एकमेकांत मिसळले, की गोंधळ सुरू होतो. पान क्रमांक स्रोताच्या शीर्षकातच लिहिला, तर एकाच नोंदवहीचे चाळीस स्रोत तयार होतात. त्यांतल्या काहींचे शीर्षक थोडे वेगळे लिहिले गेलेले असते, त्यामुळे यादीत ते शेजारी शेजारीही दिसत नाहीत. हे लक्षात आल्यावर घाईने सगळे स्रोत एकत्र करणे ही त्याहून मोठी चूक ठरते, कारण एकत्र करताना एकच शीर्षक उरते आणि बाकीच्या शीर्षकांतले पान क्रमांक नाहीसे होतात. म्हणून आधी प्रत्येक पान क्रमांक संदर्भातील त्याच्या रकान्यात हलवावा आणि मगच स्रोत एकत्र करावेत. प्रत्येक दस्तऐवज हाच स्वतंत्र स्रोत मानणारेही अनेक अभ्यासक आहेत आणि ती पद्धतही चांगली चालते; मात्र एकाच वंशावळीत दोन्ही पद्धती वापरू नयेत.

संदर्भ व्यक्तीला न जोडता घटनेला जोडावा, हे मला फार महत्त्वाचे वाटते. मृत्यूच्या दाखल्यावर मृत्यूची तारीख असते आणि पुष्कळदा जन्मतारीखही असते. मृत्यूसाठी तो दाखला भक्कम पुरावा आहे. जन्मासाठी मात्र ती माहिती घरातल्या कोणीतरी आठवून सांगितलेली असू शकते. कागद एकच असला, तरी त्याचे संदर्भ दोन करावे लागतात आणि त्यांची विश्वासार्हताही वेगवेगळी नोंदवावी लागते. वंशावळीची माहिती एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जेडकॉम या स्वरूपात विश्वासार्हतेच्या 0 ते 3 अशा चार पायऱ्या आहेत, तर ग्रॅम्प्समध्ये पाच. पाच पायऱ्या चार खान्यांत जशाच्या तशा बसत नाहीत, त्यामुळे एखाद्या पुराव्याविषयी शंका का वाटते, हे संदर्भाच्या टिपेत एका वाक्यात लिहून ठेवावे.

चित्रे दिसेनाशी झाली, तर

बहुतेक सॉफ्टवेअर चित्र स्वतःजवळ ठेवत नाही. ते चित्र कोणत्या ड्राइव्हवर, कोणत्या फोल्डरमध्ये आहे, त्याचा पत्ता तेवढा जपते. एकदा मी नीटनेटकेपणाच्या भरात स्कॅन केलेल्या कागदांची फोल्डरे सॉफ्टवेअरच्या बाहेरूनच वर्षवार लावली. नंतर वंशावळ उघडली, तेव्हा चित्रांच्या जागी रिकाम्या चौकटी होत्या. घाबरून मी त्या नोंदी पुसून चित्रे नव्याने जोडू लागलो आणि प्रत्येक पुसलेल्या नोंदीबरोबर तिचे वर्णन आणि संदर्भाशी असलेले नातेही गेले. खरे तर फोल्डरांची जुनी नावे परत दिली असती, तर सगळी चित्रे जागच्या जागी दिसली असती. चौकट रिकामी दिसली, तर काहीही पुसू नये. आधी पत्ता तपासावा.

यावर कायमचा उपाय म्हणजे सर्व चित्रे एकाच मूळ फोल्डरखाली ठेवणे आणि सॉफ्टवेअरमध्ये त्या मूळ फोल्डरच्या सापेक्ष पत्ते, म्हणजे त्या फोल्डरपासून पुढचाच भाग सांगणारे पत्ते, वापरणे. ग्रॅम्प्समध्ये हा मूळ पत्ता प्राधान्यक्रमांत (सेटिंग्जमध्ये) एकदाच देता येतो आणि जुने संपूर्ण पत्ते एकत्रितपणे सापेक्ष करण्याचे साधनही त्यात आहे. संगणक बदलला, तरी मग एवढी एकच नोंद सुधारावी लागते. विंडोजवरून लिनक्सवर जाताना मात्र आणखी एक अडचण येते. फाइलच्या नावातील मोठी आणि लहान इंग्रजी अक्षरे लिनक्स वेगळी मानते, विंडोज सहसा मानत नाही. त्यामुळे नावे सुरुवातीपासून लहान अक्षरांतच ठेवावीत. नावात व्यक्तीऐवजी तारीख आणि दस्तऐवजाचा प्रकार आधी असावा, कारण एका समूहचित्रात दहा माणसे असतात.

मूळ स्कॅनला हात लावू नये. जेपेग फाइल दुरुस्त करून पुन्हा जतन केली, की दर वेळी तिचा थोडा दर्जा जातो. म्हणून मूळ प्रत टिफ या सहसा दर्जा न गमावणाऱ्या चित्रस्वरूपात ठेवून काटछाट दुसऱ्या प्रतीवर करावी. छायाचित्राची मागची बाजूही स्कॅन करावी, कारण नावे बहुधा तिथेच लिहिलेली असतात.

स्थलांतर आणि बॅकअप

जेडकॉमच्या 5.5.1 या आजही सर्रास वापरल्या जाणाऱ्या आवृत्तीत चित्रांचे केवळ पत्ते जातात, चित्रे जात नाहीत. 2021 साली आलेल्या 7.0 या आवृत्तीत माहिती आणि चित्रे एकाच गठ्ठ्यात बांधण्याची सोय झाली, पण दोन्हीकडची सॉफ्टवेअरे ती वाचू शकतात का, हे आधी पाहावे लागते. काही सॉफ्टवेअरच्या बॅकअपमध्येही केवळ माहितीचाच समावेश असतो, चित्रांचा नसतो. म्हणून बॅकअपची फाइल दुसऱ्या संगणकावर रिकाम्या वंशावळीत उघडावी, व्यक्ती, स्रोत, संदर्भ आणि चित्रे यांची संख्या मूळ वंशावळीशी ताडून पाहावी आणि निरनिराळ्या पिढ्यांतली दहा-बारा नावे निवडून प्रत्येकाच्या संदर्भावरून चित्र खरोखर उघडते का, हे स्वतः डोळ्यांनी पाहावे.